कल्लिओपे आणि कलियपा : एका यवन राणीच्या नावाची दोन रूपे

काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका प्रवचनानंतर एक उपासिका भेटावयास आल्या. त्यांनी आपल्या नातीचे नाव 'खेमा' असे ठेवले होते. शाळेत नाव घालताना तेथील गुरुजींनी ते 'क्षमा' असे नोंदवले आणि 'खेमा हा अपभ्रंश आहे, क्षमा हे शुद्ध रूप' असे वर समजावूनही सांगितले. उपासिकेचा प्रश्न सरळ होता : "सर, आमचे नाव अशुद्ध आहे का?"

या प्रश्नाचे एक उत्तर सोपे आहे. खेमा थेरी या महाराज बिंबिसाराच्या राणी. पुढे त्या प्रव्रजित झाल्या आणि भिक्खुनीसंघात प्रज्ञेच्या बाबतीत भगवंतांनी त्यांना अग्रस्थान दिले. पालि 'खेम' म्हणजे निर्भय, सुरक्षित; निब्बाणासाठीही हा शब्द योजला जातो. त्याचे संस्कृत रूप 'क्षेम' आहे, 'क्षमा' नव्हे. गुरुजींनी केलेल्या शुद्धीकरणात नावाचा अर्थच बदलून गेला. परंतु एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. गुरुजींनी 'क्षेमा' असे लिहिले असते तर ते 'खेमा'पेक्षा अधिक शुद्ध ठरले असते काय? एका नावाची दोन रूपे असतील तर त्यांतील एक खरे आणि दुसरे बिघडलेले असे मानावयाचे काय?

संस्कृत आणि पालि यांच्याच उदाहरणांवर हा वाद घातला, तर पूर्वग्रह आड येतात. म्हणून या लेखात दोन्ही भाषांबाहेरचे, ग्रीक मूळाचे एक स्त्रीनाम तपासावयाचे आहे. ते नाव भारतीय भाषेत आले त्या क्षणाचा पुरावा आपल्यापाशी आहे. ग्रीक रूप आणि भारतीय रूप अशी दोन्ही रूपे एकाच नाण्यावर, एकाच राजसत्तेच्या आज्ञेने कोरली गेली. यांपैकी कोणते शुद्ध व कोणते अशुद्ध, हे नाणे पाडणाऱ्यालाच विचारावे अशी ही दुर्मीळ संधी आहे.

नाण्यावरील दोन लेख

आजच्या अफगाणिस्तानातील काबूल आणि बेग्राम यांचा परिसर प्राचीन काळी परोपमिसद या नावाने ओळखला जाई. या प्रदेशातील अखेरचा ग्रीक राजा म्हणून हर्मेयस याचा उल्लेख केला जातो. नाणकशास्त्रज्ञ त्याचा काळ साधारणपणे इ.स.पू. ९० ते ७० असा धरतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांपैकी एका प्रकारावर राजा व राणी यांचे जोडमुखवटे आहेत. दोघांच्याही मस्तकी राजपट्ट बांधलेला आहे. दुसऱ्या बाजूस घोड्यावर स्वार झालेला राजा आहे.

मुखवट्यांच्या बाजूस ग्रीक लिपीत लेख आहे : 'बासिलेओस सोतेरोस एर्माइऊ काइ कल्लिओपेस'. त्याचा अर्थ 'राजा, त्राता हर्मेयस आणि कल्लिओपे यांचे'. घोडेस्वाराच्या बाजूस खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे, प्राकृत लेख आहे : 'महरजस त्रतरस हेरमयस कलियपय'. पदव्या राजाच्या आहेत. राणीच्या नावापुढे 'राणी' असा शब्दही नाही. नाव मात्र आहे, आणि ते दोन्ही भाषांत आहे.

अशा द्विभाषिक नाण्यांवरील नावांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खरोष्ठी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. चार्ल्स मॅसन यांनी अफगाणिस्तानात सापडलेल्या नाण्यांचा अभ्यास करताना ग्रीक बाजूवरील मिनांदर, अपोलोदोतस, हर्मेयस ही नावे आणि 'राजा', 'त्राता' ही पदे दुसऱ्या बाजूवरील कोणत्या अक्षरांशी जुळतात हे ताडले. १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी त्या धाग्यावरून लिपीचा उलगडा सुरू केला. अशोकाचे शाहबाजगढी व मानसेहरा येथील शिलालेख आणि पुढे गांधार देशातील भूर्जपत्रांवरचे बौद्ध ग्रंथ वाचता आले, त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे ही परकीय नावे होत.

ग्रीक नावाचा अर्थ

'कल्लिओपे' हा सामासिक शब्द आहे. 'कल्लोस' म्हणजे सौंदर्य आणि 'ओप्स' म्हणजे आवाज, वाणी. 'सुंदर वाणीची' असा नावाचा सरळ अर्थ. ग्रीक पुराणकथांत काव्य, गायन, नृत्य इत्यादी विद्यांच्या नऊ देवता मानल्या आहेत. त्या झ्यूस आणि स्मृतिदेवता नेमोसिनी यांच्या कन्या. इ.स.पू. ७००च्या सुमारास होऊन गेलेला कवी हेसिओड याने आपल्या 'थिओगोनी' या काव्यात या नऊ जणींची नावे दिली असून त्यांत कल्लिओपेला श्रेष्ठ म्हटले आहे. त्याने सांगितलेले कारण लक्षणीय आहे. ती राजांची सोबत करते. तिची कृपा असलेला राजा सौम्य शब्दांनी लोकांचे तंटे मिटवतो. महाकाव्याची देवता ही तिची ओळख नंतरच्या काळात रूढ झाली. राजाच्या वाणीशी जोडलेले हे नाव राजघराण्यातील कन्येला दिले जावे, यात नवल नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे नाव आपल्याला वाटते तितके परके नाही. 'ओप्स' हा ग्रीक शब्द, संस्कृत 'वाच्', पालि 'वाचा' आणि लॅटिन 'वॉक्स' हे सर्व एकाच मूळापासून निघाले आहेत. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा 'व' लोप पावला. मूळ भाषेत 'क' आणि 'व' यांच्या जोडीने उच्चारला जाणारा एक ध्वनी होता. तो भारतीय शाखेत 'क' किंवा 'च' झाला, तर ग्रीकमध्ये अनेक ठिकाणी 'प' झाला. संस्कृत 'रिक्त' आणि ग्रीक 'लेइपो' (सोडतो) या जोडीतही हेच दिसते. म्हणजे कल्लिओपे या नावातील 'प' हा आपल्या 'वाचा' शब्दातील 'च'चा सख्खा भाऊ आहे. पूर्वार्धातील 'कल्लि' याचे संस्कृत 'कल्य' व 'कल्याण' यांच्याशी नाते असावे असेही सुचवले गेले आहे. त्याबाबत मात्र एकमत नाही.

अर्थाच्या अंगाने पाहिले तर पालि भाषेत या नावाला जवळजवळ तंतोतंत प्रतिशब्द आहे. चांगल्या धम्मकथिकाचे गुण सांगताना निकायांत व विनयात 'कल्याणवाचो' असे विशेषण येते. ज्याची वाणी मंगल, ऐकणाऱ्याला पोचणारी आहे तो. ग्रीक आईबापांनी मुलीला जे नाव दिले, त्याच अर्थाचा गुण भिक्खूच्या ठिकाणी असावा अशी संघाची अपेक्षा होती.

नाणे कोरणाऱ्याला अर्थातच ही व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. त्याने नावाचा अर्थ लावला नाही. त्याने नाव ऐकले आणि आपल्या भाषेत लिहिले.

कल्लिओपेची कलियपा कशी झाली

हे रूपांतर पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, खरोष्ठीत जोडाक्षराने द्वित्त दाखवण्याची पद्धत नव्हती. 'बुद्ध' हा शब्दही तीत 'बुध' असा लिहिला जाई. त्यामुळे 'ल्ल' चा 'ल' झाला. दुसरी गोष्ट, 'इ' आणि 'ओ' हे दोन स्वर शेजारी आले की भारतीय जिभेला मध्ये 'य' लागतो. 'इओ'चे 'इयो' आणि 'इय' होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत हे आधीच घडलेले आहे. सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस हा शाहबाजगढीला 'अंतियोक' तर गिरनारला 'अंतियक' झाला आहे. तिसरी गोष्ट, ग्रीकमध्ये 'ए'ने संपणाऱ्या स्त्रीनामाला प्राकृतात आकारान्त स्त्रीनामांच्या पंगतीत बसवले गेले. खरोष्ठीत दीर्घ स्वराची खूण नसल्याने ते 'कलियप' असे दिसते. उच्चारात ते 'कलियपा' होते.

सर्वांत बोलकी गोष्ट चौथी आहे. ग्रीक बाजूवरील 'कल्लिओपेस' हे षष्ठीचे रूप आहे. खरोष्ठी बाजूवरचे 'कलियपय' हेही षष्ठीचेच. पण ग्रीक षष्ठीची नक्कल नव्हे. पालि व्याकरणाच्या विद्यार्थ्याला 'कञ्ञा'चे षष्ठी एकवचन 'कञ्ञाय' हे पहिल्याच वर्षी पाठ करावे लागते. 'कलियपाय' हे रूप तसेच चालवले आहे. परदेशी राणीचे नाव घेतले, आणि गावातल्या कोणत्याही मुलीच्या नावासारखे ते चालवले. भाषेने एखाद्याला आपले म्हणणे याहून निराळे काय असते?

जी भाषा या बाजूवर आहे ती गांधारी प्राकृत. हीच त्या प्रदेशातील बौद्ध संघाची भाषा होती. खोतानजवळ मिळालेले गांधारी धम्मपद आणि १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने मिळवलेली भूर्जपत्रे याच भाषेत व याच लिपीत आहेत. हर्मेयस व कल्लिओपे यांच्या या नाण्यावर बौद्ध चिन्ह नाही. तेव्हा राणीला उपासिका ठरवण्याची घाई आपण करू नये. परंतु तिच्या प्रजेतील जो उपासक विहारात धम्म ऐकत होता, तो ज्या भाषेत ऐकत होता त्याच भाषेत तिचे नाव बाजारात फिरत होते, एवढे निश्चित म्हणता येते.

त्या काळी अशी रूपे एकच एक ठरलेली नसत. थिओदोरोस हे ग्रीक पुरुषनाम घ्या. 'देवाची देणगी' असा त्याचा अर्थ, आणि थिओदोरा हे त्याचे स्त्रीरूप. स्वात येथील धातुकलशावर 'थेउदोर' या नावाच्या मेरिदर्खाने, म्हणजे ग्रीक पद्धतीच्या प्रांताधिकाऱ्याने, बहुजनांच्या कल्याणार्थ शाक्यमुनी भगवंतांच्या शरीरधातूंची प्रतिष्ठापना केल्याचे लिहिले आहे. कलदर्रा येथील लेखात दतियपुत्र 'थइदोर' याने पुष्करिणी बांधवल्याची नोंद आहे. नाव एकच, लिहिणाऱ्यांचे कान दोन. मिनांदर हा नाण्यांवर 'मेनद्र' झाला, बाजौरच्या धातुकरंडकावर 'मिनेद्र' झाला आणि पालि ग्रंथात 'मिलिन्द' झाला. या सर्व रूपांत कोणालाही कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

पश्चिमेकडे कल्लिओपे हे नाव आजही जिवंत आहे, आणि तेथेही ते एका रूपात स्थिर राहिलेले नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत या नावाची संत मानली जाते. आधुनिक ग्रीसमध्ये त्याचा उच्चार 'कलिओपी' असा होतो आणि घरगुती हाक 'पोपी'. खुद्द ग्रीकांच्या जिभेवरूनही तो 'ल्ल' गेला, शेवटच्या 'ए'चा 'ई' झाला. इंग्रजीत 'कलायोपी' म्हणतात. १८५२ मध्ये शोधलेल्या एका लघुग्रहाला हे नाव दिले आहे. वाफेवर वाजणाऱ्या एका अमेरिकन वाद्यालाही ते मिळाले. मधुर गळ्याच्या, लाल कंठाच्या एका सैबेरियन पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही ते आहे. हा पक्षी हिवाळ्यात ईशान्य भारतात येतो. अथेन्समधील आजी आपल्या नातीला पोपी म्हणून हाक मारते, तेव्हा ती हेसिओडचे नाव बिघडवते असे तेथे कोणी म्हणत नाही.

जिचे नाव एकाच बाजूस राहिले

कलियपेचे महत्त्व कळण्यासाठी आणखी दोन स्त्रियांकडे पाहिले पाहिजे.

पहिली अगाथोक्लेइआ. 'अगाथोस' म्हणजे चांगला आणि 'क्लेओस' म्हणजे कीर्ती. 'क्लेओस' हा शब्द संस्कृत 'श्रवस्'चा सगोत्र आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ही राणी आपला मुलगा स्त्रातो याच्या वतीने राज्यकारभार पाहत होती असे मानले जाते. ती मिनांदरची विधवा असावी हे जुने मत प्रसिद्ध आहे. अलीकडील काही नाणकशास्त्रज्ञांना ते मान्य नाही. तिच्या नाण्यांच्या एका प्रकारावर केवळ तिचाच मुखवटा आहे आणि ग्रीक लेखात 'राणी', 'देवतुल्य' अशा पदव्यांसह तिचेच नाव आहे. नाणे उलटले की खरोष्ठीत वाचावयास मिळते : 'महरजस त्रतरस ध्रमिकस स्त्रतस'. तेथे फक्त मुलाचे नाव आहे. ग्रीक वाचणाऱ्या मूठभरांसाठी राणी होती. प्राकृत बोलणाऱ्या बहुजनांपुढे तिचे नाव गेले नाही.

दुसरी स्त्री तक्षशिलेच्या एका ताम्रपटात आहे. एका मेरिदर्खाने आईवडिलांच्या सन्मानार्थ स्तूप उभारल्याची ती नोंद. लेख त्रुटित असल्याने त्या अधिकाऱ्याचे नाव गेले आहे. स्तूप त्याने 'सभार्यक', म्हणजे भार्येसह, उभारला एवढे कळते. दान दोघांचे आहे. परंतु पतीचे नाव पत्रा तुटल्यामुळे हरवले आणि पत्नीचे नाव केवळ 'भार्या' या एका शब्दात विरून गेले. धम्मकार्यात ती होती, हे त्या शब्दाने राखले. ती कोण होती, हे राखले नाही.

या दोघींच्या मध्ये कलियपेचे पाच अक्षरी 'कलियपय' ठेवून पाहावे. हर्मेयसच्या मृत्यूनंतरही त्याच्या नावाची नाणी शक आणि युएची टोळ्यांनी पाडली. कुषाण राजा कुजुल कडफिसेस याच्या आरंभीच्या नाण्यांवरही हर्मेयसचे नाव आहे. त्या दीर्घ परंपरेत राणीचे नाव पुढे चालले नाही. जोडमुखवट्यांच्या त्या एका नाणेप्रकाराने ते राखले. नाव कोणत्या भाषेत लिहिले जाते यावर ते कोणापर्यंत पोचते हे अवलंबून असते, आणि लिहिले जाते की नाही यावर ते माणूस इतिहासात राहते की नाही हे अवलंबून असते.

महाराष्ट्रातील लेण्यांची साक्ष

गांधारपासून दूर, आपल्या सह्याद्रीतही यवनांची नावे आहेत. कार्ले येथील चैत्यगृहातील स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत. चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, इरिल याने पाण्याच्या दोन पोढी खोदवल्या. नाशिकच्या सतराव्या लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्री येथील योनक धम्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त याचा लेख असून त्यात त्याचा मुलगा धम्मरखित याचाही उल्लेख आहे. तीन पिढ्यांची नावे, आणि तिन्ही भारतीय. महावंसात तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रसारासाठी पाठवलेल्या थेरांचे नाव योनक धम्मरक्खित असे दिले आहे.

येथे नावांतील बदलाचा दुसरा प्रकार दिसतो. कल्लिओपेने आपले नाव राखले आणि ते प्राकृतात चालवले गेले. धम्मदेवाच्या घराने नावच नवे घेतले. पहिल्यात उच्चार बदलला, दुसऱ्यात ओळख बदलली. आणि दुसरा बदल त्यांनी आपल्या इच्छेने केला होता.

नाशिकच्याच दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपान याची कन्या, उषवदाताची पत्नी दखमित्रा हिने ओवरी दिल्याचा लेख आहे. तेथे तिच्या नावाची षष्ठी 'दखमित्राय' अशी आहे. काबूलच्या खोऱ्यातील ग्रीक राणीच्या नावाला लागलेला 'आय' आणि गोदावरीकाठच्या शक राजकन्येच्या नावाला लागलेला 'आय' एकच आहे. ग्रीक, शक आणि येथील बहुजन यांना एका व्याकरणात बसवणारी भाषा प्राकृत होती.

अपभ्रंश की निरुत्ती

आता गुरुजींच्या 'अपभ्रंश' या शब्दाकडे वळू. या कल्पनेचा प्रसिद्ध पुरस्कर्ता म्हणजे महाभाष्यकार पतंजली. यवनांनी साकेताला वेढा दिल्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथात उदाहरणादाखल येतो; म्हणजे तो या यवनांच्याच काळाचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा. त्याच्या मते साधू शब्द एकच असतो आणि त्याचे अपभ्रंश अनेक असतात. 'गौः' हा साधू शब्द. गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे अपभ्रंश. यांतील 'गावी'शीच आपल्या मराठी 'गाय'चे नाते आहे. म्हणजे या हिशेबाने आपण रोज अपभ्रंशाचे दूध पितो! असुरांनी 'र'च्या जागी 'ल' उच्चारला म्हणून त्यांचा पराभव झाला, अशी कथाही तो सांगतो आणि म्लेच्छांसारखे बोलू नये असे बजावतो. सम्राट अशोकाच्या मगधी राजभाषेत 'राजा'ला 'लाजा' म्हणत, हे येथे आठवावे. तो 'लाजा' पराभूत नव्हता.

भगवंतांची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळ आणि तेकुल या ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघा भिक्खूंची हकीकत आहे. त्यांची तक्रार अशी होती की, निरनिराळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक संघात आले असून ते आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करीत आहेत. तेव्हा ते छंदात घालण्याची अनुज्ञा व्हावी. भगवंतांनी त्यांचा निषेध केला, छंदात घालणे हा अपराध ठरवला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोष 'सक निरुत्ती' म्हणजे मागधी असे मानतात, तर अनेक आधुनिक विद्वान 'ज्याची त्याची बोली' असा अर्थ करतात. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट राहतेच. भाषाशुद्धीची ती तक्रार जात आणि कुळ यांच्या तक्रारीबरोबर आली होती, आणि शास्त्यांनी दोन्ही नाकारल्या.

मज्झिम निकायातील अरणविभङ्ग सुत्तात याचे सूत्र सापडते. भांडे एकच असते, पण एका जनपदात त्याला पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात सराव, आणखी कुठे पोण. अशी सात नावे तेथे दिली आहेत. आपलाच शब्द खरा असा आग्रह धरू नये, तसेच लोकांत रूढ असलेल्या संज्ञेला डावलूही नये, असे भगवंत सांगतात. कलह टाळण्याचा तो मार्ग आहे. त्यांनी त्या सात शब्दांपैकी एक 'साधू' आणि सहा 'अपभ्रंश' ठरवले नाहीत.

हर्मेयसच्या टांकसाळीत नेमके हेच घडले. एकाच राणीला एका बाजूस कल्लिओपे म्हटले आणि दुसऱ्या बाजूस कलियपा. वजन एक, चांदी एक, किंमत एक.

नाव आणि माणूस

मिलिन्दपञ्हातील पहिला मोठा संवाद नावावरच आहे. राजा विचारतो, भदन्त, आपणांस कोणत्या नावाने ओळखतात? थेर सांगतात, सब्रह्मचारी मला नागसेन म्हणतात. आईबाप सूरसेन, वीरसेन, सीहसेन अशीही नावे ठेवतात. परंतु हा केवळ व्यवहार आहे, या नावामागे कोणी नित्य पुद्गल सापडत नाही. त्यानंतर रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. जातककथांत 'पापक' नावाच्या विद्यार्थ्याची गोष्ट आहे. त्याला आपले नाव अमंगल वाटले म्हणून तो चांगले नाव शोधावयास निघाला. वाटेत जीवक नावाचा माणूस मेलेला दिसला, धनपाली नावाची दासी मजुरी न आणल्याबद्दल मार खाताना दिसली, आणि पंथक नावाचा माणूस वाट चुकलेला भेटला. तेव्हा तो आपल्याच नावानिशी परत आला.

मग बौद्धांनी नावाचा एवढा विचार का करावा? कारण नाव भविष्य घडवत नसले तरी समाजाची रचना उघड करते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे असा नियम आहे. जातककथेतील पापकाला आपले नाव ठेवण्याची मोकळीक होती, बदलण्याचीही होती. आपल्या आजे-पणज्यांना जी कचऱ्या-धोंड्यांची नावे लावली गेली त्यांत ही मोकळीक नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आपल्या घरांत सुजाता, विशाखा, संघमित्रा, खेमा ही नावे आली, ती नशीब उजळावे म्हणून नव्हेत. आपले नाव आपण ठरवावे म्हणून आली.

या यादीत एक नाव मूळ ग्रीक आहे याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयास 'मिलिंद' हे नाव दिले आणि तो परिसर नागसेनवन झाला. ग्रीक 'मेनान्द्रोस' त्यांनी घेतले नाही. प्रश्न विचारणारा आणि पटल्यावर नमणारा राजा ज्या नावाने पालि परंपरेत ओळखला जातो, ते नाव त्यांनी घेतले. आज हजारो घरांतील मिलिंदांना आपले नाव कुणाचा अपभ्रंश आहे असे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

अस्सलायन सुत्तात भगवंत अस्सलायन माणवकाला विचारतात, योन व कंबोज या देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? वर्ण जन्माने ठरतो या दाव्याला छेद देण्यासाठी त्यांनी यवनांचे उदाहरण घेतले. नावाचे रूप जन्माने शुद्ध वा अशुद्ध ठरते या दाव्याला छेद देण्यासाठी आपणही एका यवन स्त्रीचे उदाहरण घेतले, तर ते त्या परंपरेला धरूनच होईल.

त्या उपासिकेला मी एवढेच सांगितले की, तुमच्या नातीचे नाव अशुद्ध नाही. ते पालि आहे, आणि पालिला संस्कृतची परवानगी लागत नाही. जन्मदाखला घेऊन अर्ज करा. पुढच्या पौर्णिमेला त्या पुन्हा विहारात आल्या, तेव्हा नात बरोबर होती. शाळेच्या रजिस्टरात दुरुस्ती झाली होती. मुलीला नाव विचारले, तर तिने ते दोन्ही अक्षरे स्वच्छ उच्चारून सांगितले.